एका सपाट शब्दाची गोष्ट

गेल्या ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, आमच्या धाकटीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले होते. वय वर्षे बारा. फळ्यावरचे दिसत नाही अशी तक्रार उन्हाळ्याआधीच सुरू झाली होती. तपासणी झाली, नंबर लिहिलेला कागद हातात पडला आणि गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "बाबा, यांनी चूक केली आहे. डोळ्याच्या रकान्यात आपल्या गावाचं नाव लिहिलंय!" (हे ती इंग्रजीत म्हणाली. त्या दिवसांत ती आमच्याशी इंग्रजीतच बोलत असे. त्यामागची कथा पुढे येईल.)

कागद पाहिला. उजव्या डोळ्यापुढे उणे पाऊण असा नंबर होता आणि डाव्या डोळ्यापुढे स्वच्छ अक्षरांत लिहिले होते, 'प्लेनो'. परत आत जाऊन विचारले. काउंटरवरच्या बाईंना हा प्रश्न नवा नसावा. त्या हसून म्हणाल्या, "प्लेनो म्हणजे शून्य नंबर. त्या बाजूची काच नुसती सपाट."

झाले! घरी येईपर्यंत मागच्या सीटवरून प्रश्नांची सरबत्ती चालू होती. आपल्या गावाचे नाव शून्य का? सपाट आणि शून्य एकच का? नाव कोणी ठेवले? कोणत्या भाषेत?

वाचकहो, माझ्या नावामागे इंजिनियरिंगमधली डॉक्टरेट आहे. नेटवर्कचे सॉफ्टवेअर लिहिण्यावर माझे पोट चालते आणि त्या धंद्यात 'कंट्रोल प्लेन' आणि 'डेटा प्लेन' हे शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतात. या गावाचे नाव मी आजवर हजारो फॉर्मांवर लिहिले असेल. पण त्यातल्या एकाही प्रश्नाचे धड उत्तर मला देता आले नाही. म्हणून शोध सुरू केला. त्यात जे सापडले ते गावाच्या नावापाशी थांबले नाही. ते लॅटिनपर्यंत गेले, तिथून कोकणच्या किनाऱ्याला लागले आणि शेवटी आमच्या घरातल्या एका अबोल्यापाशी येऊन ठेपले. तेच आज सांगायचे आहे.

आधी गावाचे नाव. १८४० च्या दशकात केंटकी आणि टेनेसीकडून आलेली कुटुंबे या भागात वसू लागली. टेक्सास तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होते. १८४५ साली ते अमेरिकेत सामील झाले. इथली जमीन काळी, चिकण, गवताळ आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत उघडी. १८५० च्या दशकाच्या आरंभी वस्तीला पोस्ट ऑफिस हवे झाले, आणि पोस्ट हवे तर नाव हवे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांच्यावरून 'फिलमोर' हे नाव सुचवले गेले. ते पोस्ट खात्याने नाकारले. मग डॉक्टर हेन्री डाय यांनी 'प्लेनो' सुचवले. स्पॅनिशमध्ये मैदानाला हाच शब्द आहे अशी त्यांची समजूत होती. खात्याने मंजुरी दिली. १८७२ साली रेल्वे आली, १८७३ साली गावाला नगराचा दर्जा मिळाला. १९६० साली इथे जेमतेम ३,७०० माणसे होती. २०२० च्या जनगणनेत ती २,८५,००० च्या वर गेली, आणि त्यात आपण मंडळीही आलो.

आता गंमत पाहा. डॉक्टरसाहेबांचा शब्द स्पॅनिश आहे खरा, पण स्पॅनिश शेतकऱ्याला विचाराल तर मैदानाला तो 'प्लानो' म्हणणार नाही. तो म्हणेल 'यानो'. लिहिताना त्याच्या आरंभी दोन 'एल' येतात. टेक्सासच्या नकाशावर हा शब्दही आहे. मध्य टेक्सासमध्ये या नावाचे गाव आहे, नदी आहे, कौंटीही आहे. इथली माणसे त्याचा उच्चार 'लॅनो' असा करतात. पश्चिमेला न्यू मेक्सिकोच्या सीमेवर 'यानो एस्ताकादो' नावाचे अफाट पठार पसरले आहे. 'प्लानो' हा शब्दही स्पॅनिशमध्ये आहे, पण तो सपाट पृष्ठभागाचा, भूमितीचा, इमारतीच्या नकाशाचा शब्द. म्हणजे एकाच भाषेत एकाच अर्थाच्या आसपास घोटाळणारे दोन शब्द. एक शेतातला, एक कागदावरचा.

दोघांचा बाप मात्र एकच. लॅटिन 'प्लानुस', म्हणजे सपाट.

एका बापाचे दोन मुलगे इतके वेगळे का झाले? इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला, कारण भाषाशास्त्रात नियम असतात आणि ते बऱ्यापैकी काटेकोर असतात. रोमन सैनिकांनी आणि वसाहतवाल्यांनी लॅटिन स्पेनमध्ये नेली. बोलता बोलता शतकानुशतके ती झिजली. शब्दाच्या आरंभीचा 'प्ल' स्पॅनिश तोंडात मऊ होत होत 'य'च्या जवळ आला. हे एका शब्दात झाले नाही, ओळीने झाले. लॅटिन 'प्लेनुस' म्हणजे भरलेला, त्याचे 'येनो' झाले. 'प्लुविया' म्हणजे पाऊस, त्याचे 'यूबिया' झाले. 'प्लोरारे' म्हणजे रडणे, त्याचे 'योरार' झाले. आणि 'प्लानुस'चे 'यानो'.

हीच लॅटिन इटलीत राहिली तेव्हा 'प्ल'चा 'पिय' झाला: पिएनो, प्योज्जा आणि पियानो. होय, तोच पियानो! सपाट, म्हणून खडबडीत नसलेला, म्हणून हळुवार, असा अर्थ सरकत गेला. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने असे वाद्य बनवले, की ज्याच्या पट्ट्या हळू दाबल्या तर आवाज हळुवार आणि जोरात दाबल्या तर मोठा. म्हणून ते 'पियानो ए फोर्ते', हळुवार आणि जोरदार. पुढे 'फोर्ते' गळून पडले. आपली मुले दर शनिवारी ज्या वाद्यापुढे नाक मुरडत बसतात ते आणि आपल्या गावाचे नाव, हे सख्खे भाऊ आहेत.

पोर्तुगीजांच्या तोंडी 'प्ल'चा 'च' झाला. पाऊस म्हणजे 'चूवा', भरलेला म्हणजे 'चेयो', आणि सपाट जमीन म्हणजे 'चाँव'. या 'च'चा आज लिस्बनमध्ये 'श' झाला आहे. एवढे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग स्पॅनिशमध्ये 'यानो'च्या शेजारी 'प्लानो' कुठून आला? तो पंडितांनी आणला. लॅटिन हजार वर्षे झिजून 'यानो' झाली खरी, पण लॅटिन पोथ्या होत्याच. गणिताला, वास्तुशास्त्राला शब्द हवा होता तेव्हा विद्वानांनी पोथी उघडली आणि शब्द जसाच्या तसा उचलला. जो माणसांच्या तोंडातून चालत आला तो झिजला. जो पुस्तकातून उडी मारून आला तो कोरा राहिला.

इथे मराठी वाचक हसला असेल, कारण ही गोष्ट त्याला सातवी-आठवीच्या व्याकरणातच शिकवलेली आहे. तत्सम आणि तद्भव! 'प्लानो' तत्सम, 'यानो' तद्भव.

आपल्याकडे अशा जोड्या पावलोपावली आहेत. 'क्षेत्र' आणि 'शेत' हा एकच शब्द. पंढरपूरला जातो तेव्हा ते क्षेत्र असते, नांगर धरतो तेव्हा शेत. 'चूर्ण' आणि 'चुना' एकच. एक वैद्याच्या पुडीत गेला, दुसरा पानाच्या डब्यात. 'क्षण' आणि 'सण' हेही एकच, कारण संस्कृतात 'क्षण' या शब्दाला उत्सव असाही अर्थ होता. आणि स्पॅनिश-इटालियनसारखे नियमही आहेत. संस्कृतातला 'क्ष' मराठीत बहुधा 'स' किंवा 'श' होऊन आला, हिंदीत 'ख' किंवा 'छ' होऊन. शेत आणि खेत, माशी आणि मक्खी, कूस आणि कोख, सुरी आणि छुरी. रोमन सैनिकाच्या नातवंडांनी स्पेनमध्ये आणि इटलीत जे केले, तेच आपल्या पूर्वजांनी गोदावरीकाठी केले. कोणी ठरवून केले नाही. पिढ्यान् पिढ्या मुले आईबापांपेक्षा जराशी वेगळी बोलली, एवढेच.

आता इंग्रजीकडे येऊ. इंग्रजीने 'प्लानुस' एकदा नव्हे, अनेकदा उसना घेतला. फ्रेंचमार्गे आला तो 'प्लेन', म्हणजे साधा, उघड, आणि मैदानसुद्धा. पुढे सतराव्या शतकात भूमितीसाठी वेगळा शब्द हवा म्हणून लॅटिनकडे वळून उच्चाराने तोच पण स्पेलिंगने निराळा दुसरा 'प्लेन' केला. 'प्लॅन' हाही फ्रेंचकडून आला, पण त्यात रोपाच्या 'प्लँट'चीही सरमिसळ आहे, तेव्हा त्याचे रक्त शुद्ध म्हणता येत नाही. चष्मेवाल्यांनी आपला 'प्लेनो' थेट लॅटिनमधून घेतला. ज्या काचेला बाक नाही ती प्रकाश वळवत नाही. म्हणून सपाट म्हणजे शून्य. धाकटीच्या एका प्रश्नाचे उत्तर तर मिळाले.

पण खरा मोहरा यानंतर आला. सप्टेंबरमध्ये तिचा एक निबंध तपासून परत आला. त्यात 'एक्सप्लनेशन' या शब्दाभोवती लाल वर्तुळ होते. 'एक्सप्लेन' लिहिताना 'ए' नंतर 'आय' येतो, म्हणून तिने 'एक्सप्लनेशन'मध्येही तो 'आय' घातला होता. "एकाच शब्दाची दोन रूपं, मग एकात आय आणि एकात नाही, हा काय न्याय?" असे तिचे म्हणणे. खरे सांगतो, हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नाही. पाठ करा म्हटले, पाठ केले.

उत्तर तिथेच होते. लॅटिन 'एक्सप्लानारे' म्हणजे सपाट करणे, खाचखळगे बुजवून जमीन मोकळी करणे. त्यात 'आय' नव्हताच. 'एक्सप्लनेशन' हे नाम लॅटिन नामावरून आले, 'आय'शिवाय. क्रियापदही आरंभी 'आय'शिवायच लिहीत. पण लोकांच्या कानात साधा, उघड या अर्थाचा 'प्लेन' बसला होता आणि त्याच्या स्पेलिंगात 'आय' होता. त्या शेजाऱ्याच्या ओढीने क्रियापदात 'आय' शिरला. नाम आपले कोरे राहिले. म्हणजे जिला आपण चूक म्हणतो ती धाकटीच्या कित्येक शतके आधी साऱ्या इंग्लंडने केली, फक्त अर्धीच केली. हिने ती पूर्ण केली, तर लाल वर्तुळ! (तिने लगेच विचारले, मग 'कंप्लेन'ही त्यातलाच का? नाही. तो लॅटिन 'प्लांगेरे'वरून आला, म्हणजे छाती पिटणे. शब्द सारखे दिसले म्हणून नातेवाईक नसतात. आपल्यातही एका आडनावाची माणसे असतातच की.)

'एक्सप्लेन'चा आणखी एक भाऊ मुंबईकरांना तोंडपाठ आहे. एस्प्लनेड! हाही 'एक्सप्लानारे'वरूनच, इटालियन आणि फ्रेंचच्या मार्गाने आलेला. किल्ल्यासमोरची जमीन झाडे-घरे काढून सपाट मोकळी ठेवत. शत्रूला लपायला आडोसा मिळू नये आणि तोफेच्या माऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून. मुंबईच्या फोर्टासमोर अशी मोकळी जमीन होती, तेच एस्प्लनेड. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला, पण आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्या मोकळ्या जमिनीचीच शिल्लक आहे आणि एस्प्लनेड कोर्टाने नाव टिकवून ठेवले आहे. म्हणजे एखादी गोष्ट 'एक्सप्लेन' करणे याचा मुळातला अर्थ असा, की गैरसमजाला लपायला आडोसा ठेवायचा नाही. आपण मराठीत 'उलगडून सांगतो', घडी मोडून लुगडे पसरावे तसे. लॅटिनमध्ये त्यालाही शब्द आहे, 'एक्सप्लिकारे', घडी उलगडणे. आणि ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीता मराठीत समजावून सांगितली तेव्हा त्या ग्रंथाचे नाव 'भावार्थदीपिका' झाले, म्हणजे दिवा लावणे. जमीन सपाट करा, घडी उलगडा नाहीतर दिवा लावा, काम एकच.

आता त्या अबोल्याची गोष्ट सांगतो. हे सांगताना मला फारसे बरे वाटत नाही.

माझे वडील, आप्पा, कऱ्हाडजवळच्या गावी राहतात. दोन गाई आहेत, थोडी शेती आहे, ती चुलतभाऊ पाहतो. दर रविवारी सकाळी आम्ही व्हिडिओवर बोलतो आणि आप्पा फोन हातात धरून नातीला गोठा दाखवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिला सांगितले, "ही बघ, कपिली गाभण आहे. पोट कसं सुटलंय बघ." तिने तो शब्द उचलला. त्यानंतर महिन्याभरात आमच्या स्नेह्यांकडे डोहाळेजेवण होते. चाळीसेक माणसे, ओटीची तयारी, फुलांच्या वाड्या. आमची धाकटी उत्सवमूर्ती वहिनींपुढे उभी राहिली आणि खणखणीत मराठीत म्हणाली, "काकू, तुम्ही गाभण आहात ना? किती छान दिसताय!"

क्षणभर शांतता, आणि मग जो हशा उसळला तो पाच मिनिटे थांबेना. वहिनीही हसल्या, त्यांनी तिला जवळ घेतले. तिला मात्र काय झाले ते कळलेच नाही. गाडीत मी सांगितले, "अगं, गाय गाभण असते, बाई नाही." तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. पण मी तो किस्सा पुढच्या दोन महिन्यांत चार घरी सांगितला, तिच्यादेखत, साभिनय. प्रत्येक ठिकाणी हमखास हशा. पाचव्यांदा सांगायला लागलो तेव्हा ती उठून आत गेली. त्यानंतर तिने मराठी सोडली. भांडण नाही, रडारड नाही. नुसती सोडली. आम्ही मराठीत विचारायचे, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचे. रविवारी आप्पांना "हाय आजोबा" म्हणायचे आणि खोलीत निघून जायचे. आप्पांना इंग्रजी कळत नाही. ते काही महिने विचारत राहिले, "पोरगी कुठं आहे?" मग विचारणेही कमी झाले.

'एक्सप्लनेशन'च्या लाल वर्तुळावर बोलताना मला हे सगळे एकदम आठवले. कारण मी नुकतेच तिला पटवून दिले होते, की चूक ही पुष्कळदा नियमाच्या पोटातून येते, आणि जो नियम ओळखतो तोच असली चूक करतो. मग गाभण? 'गर्भिणी' हा संस्कृत शब्द. लोकांच्या तोंडातून चालत, झिजत आला आणि 'गाभण' झाला. 'प्लानुस'चा 'यानो' व्हावा तसाच. मग पुढे कधीतरी आपण वाटणी केली: झिजलेला शब्द गोठ्यात ठेवला, कोरा शब्द माणसांसाठी पोथीतून परत आणला. पोरीने दोन शब्दांचा मूळ अर्थ एकच आहे हे बरोबर ओळखले होते. तिला फक्त वाटणीपत्र कोणी दाखवले नव्हते. आणि ते दाखवण्याऐवजी तिच्या बापाने टाळ्या मिळवल्या.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर तिच्याच निबंधाच्या पाठीमागे मी दोन ओळी काढल्या. एकीकडे प्लानुस, यानो, प्लानो. दुसरीकडे गर्भिणी, गाभण. काहीच बोललो नाही. तिने बराच वेळ कागद पाहिला. मग इंग्रजीतच म्हणाली, "म्हणजे मी चुकले नव्हते." मी म्हटले, "चुकली होतीस, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. हसलो ते माझं चुकलं." ती काही बोलली नाही. कागद मात्र घेऊन गेली.

पुढच्या रविवारी फोन लागला तेव्हा ती खोलीत गेली नाही. तोच कागद हातात धरून कॅमेऱ्यापुढे बसली आणि अडखळत, मधूनमधून इंग्रजीची कुबडी घेत, तिने आजोबांना सगळे सांगितले. आप्पांनी लॅटिन वगैरे कानामागे टाकले. त्यांना 'गाभण'मध्ये रस. जरा विचार करून ते म्हणाले, "मग केळीचा गाभा तोच की. आणि देवळातला गाभारा?" मी नंतर तपासले. गाभा 'गर्भा'वरून, गाभारा 'गर्भागारा'वरून. आप्पा जुन्या सातवीपर्यंत शिकलेले आहेत. ज्या शब्दावर आम्ही शिकलीसवरली माणसे पोट धरून हसलो, तो आमच्या देवांच्या राहत्या घराचा शब्द होता.

आता ती 'च'ची गोष्ट. लॅटिनमध्ये किल्लीला 'क्लाविस' म्हणत. इंग्रजीतला 'काँक्लेव्ह' त्यावरूनच. पोप निवडताना कार्डिनल मंडळी कुलूपबंद जागेत बसतात म्हणून. 'प्ल'ला जो नियम तोच 'क्ल'ला. स्पॅनिशमध्ये त्याचे 'यावे' झाले, इटालियनमध्ये 'कियावे', आणि पोर्तुगीजमध्ये 'चावे'. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आणि पुढे वसईत स्थिरावले, आणि त्यांच्या कुलपांबरोबर हा शब्द आपल्या घरात आला. चावी! तुमच्या-माझ्या खिशातली. 'पगार'ही त्यांचाच, आणि त्याचे लॅटिन मूळ 'पाकारे', म्हणजे शांत करणे. महिनाअखेरीस आपण शांत होतो हे लॅटिनला ठाऊक होते म्हणायचे.

पण मला थांबवले ते 'च'ने. पोर्तुगालमध्ये पुढे 'च'चा 'श' झाला. लिस्बनचा माणूस आज 'शाव्ह'सारखा उच्चार करतो. जुना 'च' तिथे हरवला आणि आपल्या 'चावी'त शिल्लक राहिला. घर सोडून दूर गेलेल्या शब्दाने घरातला जुना उच्चार जपून ठेवला.

मी २००३ साली भारत सोडला. माझी मराठी त्या वर्षी पेटीत ठेवल्यासारखी आहे. पुण्याला गेलो की भाचे माझ्या बोलण्याला हसतात. त्यांना ती जुन्या सिनेमासारखी वाटते. आणि माझ्या मुलीची मराठी माझ्यापेक्षा वेगळी आहे. तिच्या 'ळ'चा 'ल' होतो, सहायक क्रियापदे गळतात, नपुंसकलिंग तिने जवळजवळ मोडीत काढले आहे. आपण मंडळात याला 'मोडकी मराठी' म्हणतो. मीही म्हणत होतो. रोमच्या पंडितांना स्पेनमधला 'यानो' ऐकू आला असता तर त्यांनीही मोडकी लॅटिन म्हटले असते. अर्थात ही तुलना फार ताणू नये. स्पेनमध्ये अख्खा देश ते झिजलेले शब्द बोलत होता, म्हणून त्याची भाषा झाली. इथे आमच्या घरात चार तोंडे आहेत. त्यातले एक बंद झाले तर पाव भाषा गेली. झिजलेला शब्द टिकतो. न बोललेला टिकत नाही.

म्हणून मंडळातल्या आईबापांना एक विनंती. मूल चुकले तर जरूर सुधारा, वाटणीपत्र दाखवा, पण त्याचा किस्सा करू नका. निदान त्याच्यादेखत तरी.

जाता जाता गावाकडे परत येतो. आपले प्लेनो नावाइतके सपाट राहत नाही, हे इथे घर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथली माती कऱ्हाडच्या शेतासारखीच काळी आणि चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि घराचा पाया हलवते. म्हणून आपण ऑगस्टमध्ये घराभोवती पाझरनळी टाकून पायाला पाणी देत बसतो. परवा मी नळी पसरत होतो. धाकटी फोन घेऊन बाहेर आली आणि आजोबांना जमिनीतली भेग दाखवून म्हणाली, "आजोबा, बघा, आमचा शेत फुटला."

शेत फुटले, असे ओठांवर आले होते. तेवढ्यात पलीकडून आप्पांचा आवाज आला, "पाणी दे बाळ, सांधंल."

मी गप्प राहून नळ सोडला.